मराठवाड्याच्या उन्हात टिकणारा हृदयाचा सेन्सर: पहिल्यांदा बनवणाऱ्यांसाठी

माझा पहिला ईसीजी पट्टा टेबलावर झकास चालला होता. पंख्याखाली खुर्चीत बसायचं, श्वास रोखायचा, की पडद्यावर पुस्तकातल्यासारख्या लाटा. मग एप्रिलमध्ये तो औशाकडच्या आमच्या गावी नेला आणि चुलत्यांच्या, म्हणजे नानांच्या, छातीला बांधला. शेतात शेणखत ओढायचं काम चाललं होतं. चाळीस मिनिटांत नाना बांधावर येऊन बसले. "आरं पोरा, काढ हे. लई खाजवायलंय." काढून बघितलं तर इलेक्ट्रोडखाली रुपयाएवढी लाल चकंदळं, जेल घामाबरोबर ओघळलेली, आणि मेमरी कार्डावर चाळीसपैकी कामाची जेमतेम सात मिनिटं.

पुढचे दोन उन्हाळे मी त्या सात मिनिटांचे सात तास करण्यात घालवले. सर्किट फारसं बदललं नाही. बदललं ते कातडीला टेकणारं सगळं. कॉलेजात आराम हा डिझाइनचा विषय आणि अचूकता हा इलेक्ट्रॉनिक्सचा विषय, अशी वाटणी असते. प्रत्यक्षात जे खाजतं ते माणूस सरकवतो आणि सरकलं की सिग्नल जातो. म्हणून या लेखात कातडी आधी आहे आणि कोड बऱ्याच उशिरा.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. आपण बनवतोय ते एका लीडचं, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारं यंत्र आहे. त्यावरून हार्ट अटॅक आहे किंवा नाही, दोन्हीही सांगता येत नाही. त्यासाठी दवाखान्यातला बारा लीडचा ईसीजी आणि डॉक्टर लागतात. चाचणीला आलेल्या कुणाच्या छातीत दुखायला लागलं, डाव्या हातात कळ आली, दरदरून घाम फुटला, तर पट्टा बघत बसू नका, १०८ ला फोन लावा.

पायरी १: काय मोजायचंय ते एका वाक्यात लिहा

हे वाक्य लिहिल्याशिवाय एकही पार्ट मागवू नका. "हृदयाचं आरोग्य मोजायचंय" हे वाक्य नव्हे. "शेतात काम करणाऱ्या माणसाच्या ठोक्यांतली अनियमितता दिवसभर टिपायचीय" हे वाक्य झालं.

रस्ते मुख्यतः दोन. ईसीजीत हृदयाची वीज मोजतात. छातीवर तिचा सगळ्यात उंच सुळका, ज्याला आर लाट म्हणतात, साधारण १ मिलिव्होल्टचा असतो. पीपीजीत कातडीत उजेड सोडतात आणि परत आलेला उजेड मोजतात. प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त वाढतं-कमी होतं तसा तो बदलतो. बोटाच्या पेरावरही हा बदल एकूण उजेडाच्या एक-दोन टक्केच, मनगटावर त्याहून कमी.

दिवसभराचा सरासरी वेग हवा असेल तर पीपीजी चालतो. ठोक्यांची लय बघायची असेल तर छातीवरचा ईसीजी घ्या. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते त्या आजारात, काही ठोके इतके दुबळे असतात की त्यांची नाडी मनगटापर्यंत पोचतच नाही. वीज मात्र उमटते.

मनगटाची आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे तिथे जागाच मोकळी नसते. बायांच्या हातात काचेच्या बांगड्या, जुन्या बायांच्या मनगटावर गोंदण, पुरुषांच्या हातात काळे-लाल दोरे. गोंदणाची शाई उजेड शोषते आणि त्यावर पीपीजी सरळ हात टेकतो. मनगटी घड्याळांतला हिरवा उजेड, साधारण ५३० नॅनोमीटरचा, सावळ्या कातडीतलं मेलॅनिनही बराच शोषून घेतं. म्हणून फक्त होस्टेलच्या रूममेटवर चाचणी करून खूश होऊ नका. उन्हात रापलेले हात शोधा.

मी छातीवरचा ईसीजी निवडला. पुढचं बहुतेक त्याबद्दल आहे, पीपीजीबद्दल लागेल तिथे बोलेन.

पायरी २: सामान

- एडी ८२३२ चं, म्हणजे हृदयाची बारीक वीज वाढवून देणाऱ्या चिपचं मॉड्यूल. एका लीडचं स्वस्त आणि समजायला सोपं. हात बसला की एडीएस १२९२आर घ्या, त्यात विजेचे आकडे करणारा २४ बिटांचा एडीसी आतच आहे.
- ब्लूटूथ लो एनर्जी असलेला मायक्रोकंट्रोलर. एनआरएफ ५२८३२ उत्तम. ईएसपी ३२ सहज मिळतो, पण त्याच्या खोडी पायरी ५ मध्ये सांगतो.
- हालचाल मोजणारा, तीन अक्षांचा अ‍ॅक्सिलरोमीटर. हा पर्यायी समजू नका.
- १५० ते ३०० मिलिअँपिअर-अवरची छोटी लिथियम पॉलिमर बॅटरी, आत संरक्षण सर्किट असलेली.
- सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे जेल इलेक्ट्रोड. सर्जिकलच्या दुकानात पाकिटाने मिळतात. एक्स्पायरीची तारीख बघूनच घ्या.
- चांदीचा मुलामा असलेलं वाहक कापड, मायक्रोपोर चिकटपट्टी, ३० मिलिमीटरच्या आसपास रुंद इलॅस्टिक, ब्लाउजचे हुक.
- स्पिरिट, कापूस, छोटी कात्री, खोबरेल तेल.
- मल्टिमीटर. ऑसिलोस्कोप कॉलेजच्या लॅबमधला चालेल.

पार्ट ऑनलाइन मागवता येतात. हाताळून घ्यायचे असतील तर लातूर-धाराशिवकडची मंडळी पुण्यात तपकीर गल्लीत जातात. नांदेडकरांना हैदराबाद जवळ, कोटीतली गुजराती गल्ली.

पायरी ३: कातडी

इथे घाई केलीत तर पुढच्या सगळ्या पायऱ्या अवघड जातील.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि कोरडा असला की तो वीज अडवतो. अडवण्यापेक्षा वाईट म्हणजे दोन जागी तो वेगवेगळी अडवतो. घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा नॉइज अंगावर सगळीकडे सारखाच येतो आणि अँप्लिफायर दोन इलेक्ट्रोडमधला फरकच वाढवत असल्याने तो वजा व्हायला हवा. पण एका इलेक्ट्रोडखाली कातडी साफ आणि दुसऱ्याखाली तेलकट असेल तर तो वजा होत नाही. गावाकडे बऱ्याच घरांत अर्थिंग नावालाच असतं, तिथे हा त्रास दुप्पट वाटतो. मी आठवडाभर फिल्टरचं कोड बदलत बसलो होतो. दोष नानांच्या छातीवरच्या तेलात होता, आंघोळीनंतर ते रोज खोबरेल चोळतात.

क्रम असा ठेवा. साबणाच्या पाण्याने जागा पुसा. खरखरीत टॉवेलाने हलकं घासा, लाल होईपर्यंत नको. स्पिरिट लावा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या, ओल्या स्पिरिटवर चिकटवलेला इलेक्ट्रोड अर्ध्या तासात सुटतो. केस असतील तर कात्रीने बारीक करा. वस्तरा लावू नका, बारीक कापतं आणि त्यावर जेल आणि घाम गेला की आग होते.

उन्हाळ्यातला खास सापळा म्हणजे घामोळ्यांची पावडर. माणूस विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि पावडरीवर काहीही चिकटत नाही. आधी विचारा.

आता जेल की कोरडं कापड? जेलचा इलेक्ट्रोड पहिल्या मिनिटापासून सुरेख सिग्नल देतो. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी भट्टी असते आणि जेल काही तासांत कडेपासून सुकत येते. पाकीट एकदा फोडलं की उरलेले इलेक्ट्रोड झिपच्या पिशवीत घट्ट बंद ठेवा. मी एकदा गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवले आणि अख्खं पाकीट वाया घालवलं.

वाहक कापडाचं उलटं. सुरुवातीला सिग्नल भिकार असतो, कारण कातडी कोरडी. पाच-दहा मिनिटांत थोडा घाम आला की तोच घाम जेलचं काम करतो. मी बांधण्याआधी कापडावर पाण्याचं बोट फिरवतो, तेवढं पुरतं. कामावर असलेल्या माणसासाठी माझं मत कापडाकडे झुकतं. खाटेवर पडलेल्या रुग्णासाठी जेलच बरी. कापड साध्या पाण्यात हाताने धुवायचं. ब्लीच लागलं की चांदी काळी पडून मुलामा जातो.

घाम जास्त झाला की वेगळीच गंमत होते. दोन इलेक्ट्रोडमधला पट्टा घामाने चिंब भिजला तर खारं पाणी दोघांना जोडतं आणि लाटा बुटक्या होत जातात. सर्किट बिघडलं असं वाटतं, तसं नसतं. दोन कापडी तुकड्यांमध्ये पाणी न धरणाऱ्या कापडाचा भाग ठेवा. छत्रीच्या कापडाचा तुकडाही चालला मला.

खाजेसाठी परीक्षा सोपी आहे. जो चिकट पदार्थ वापरणार त्याचा तुकडा आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला २४ तास ठेवा, मग ४८ तास. सिलिकॉनचा गोंद कातडीला सौम्य असतो पण पकड कमी. अ‍ॅक्रिलिकची पकड घट्ट, पण काढताना कातडी ओढतो. रोज लावायचं असेल तर जागा दोन-तीन सेंटिमीटर सरकवत जा. धातूच्या बटणांत निकेल असू शकतं, खोट्या दागिन्यांनी कान-गळा खाजणाऱ्या बाया तुमच्या बटणानेही खाजवणार. बटण कातडीला लागणार नाही अशी कापडाची घडी त्यावर घ्या. बाजारात न्यायचं उपकरण असेल तर कातडीला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूची आयएसओ १०९९३ प्रमाणे तपासणी लागते, हे आत्तापासून डोक्यात ठेवा.

पायरी ४: जागा, पट्टा आणि टेलर

माझ्या पट्ट्यात सगळ्यात मोठी सुधारणा केली ती गावातल्या ब्लाउज शिवणाऱ्या मावशींनी. मी प्लास्टिकचं बकल लावलेला सरळ पट्टा घेऊन गेलो होतो. त्यांनी तो हातात घेऊन दोनदा ताणला आणि म्हणाल्या, "बाबा, श्वास घेतल्यावर फासळी फुगती, पाठ न्हाई फुगत. इलॅस्टिक म्होरं कशाला लावलास? मागं लाव." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पुढचा, इलेक्ट्रोड असलेला भाग न ताणणाऱ्या कापडाचा केला आणि इलॅस्टिक पाठीकडे नेलं. श्वासाबरोबर लाटांची वर-खाली होणारी बैठक निम्म्याने तरी शांत झाली. बकल काढून हुकांच्या तीन ओळी लावल्या, म्हणजे एकच पट्टा बारीक आणि जाड दोघांना बसतो. शहाणपण दाखवायच्या आधी टेलरकडे जा.

घट्टपणासाठी माझं माप म्हणजे पट्ट्याखाली दोन बोटं अलगद गेली पाहिजेत. पीपीजीत तर हे जास्तच नाजूक असतं. सैल बांधला तर बाहेरचा उजेड शिरतो, करकचून बांधला तर खालचं रक्तच दाबलं जातं आणि लाट सपाट होते.

पट्टा छातीच्या खालच्या कडेला, फासळ्यांवर बसवा. इलेक्ट्रोड एकमेकांपासून जितके लांब तितकी लाट उंच. फार जवळ आणले तर लाट बारीक होते आणि स्नायूंचा नॉइज तिच्यावर चढतो. दंडाजवळ, छातीच्या मोठ्या स्नायूवर इलेक्ट्रोड नको. फावडं उचललं की तिथे हृदय दिसतच नाही, नुसतं फावडं दिसतं.

बायांसाठी वेगळं शिवा. मंगळसूत्र हा मला आधी न सुचलेला प्रश्न होता. वाकलं की वाट्या पट्ट्याच्या डबीवर टकटक आपटतात आणि नोंदीत हुबेहूब ठोक्यासारखे सुळके उमटतात. काढून ठेवायला सांगू नका, कुणी काढणार नाही आणि ते सांगणं शोभतही नाही. डबी डाव्या बाजूला, काखेच्या खाली सरकवा. पट्टा लावायला बाईमाणूसच हवं. आमच्याकडे आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा सेविकेने, हे काम अंगावर घेतलं म्हणून चाचणी झाली.

वायर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ताठ वायर असली की माणूस वळला की इलेक्ट्रोड ओढला जातो, आणि ओढला गेलेला इलेक्ट्रोड आर लाटेहून मोठा झटका देतो. बारीक, अनेक तारांची मऊ वायर घ्या, इलेक्ट्रोडजवळ तिची एक सैल कडी करा आणि कडीच्या अलीकडे कापडाला टाका घाला.

पायरी ५: सर्किट

एडी ८२३२ ला ३.३ व्होल्ट द्या. याची कमाल ३.५ आहे, ५ व्होल्ट लावलेत तर गेला. बाजारातल्या नेहमीच्या मॉड्यूलवर ०.५ ते ४० हर्ट्झची गाळणी बसवलेली असते. लय आणि वेग बघायला ती योग्य आहे. पण खालचं टोक ०.५ वर कापलं की लाटेतला एसटीचा भाग (उंच सुळक्यानंतरचा, हार्ट अटॅकसाठी डॉक्टर बघतात तो) वाकडा-तिकडा होऊ शकतो, म्हणून या नोंदीत एसटी वर गेला की खाली, यावर काहीही बोलू नका. निदानाच्या ईसीजीत गाळणी ०.०५ ते १५० हर्ट्झची असते.

तिसरा इलेक्ट्रोड वगळायचा मोह होतो. सुरुवातीला वगळू नका. तो अंगावरचा नॉइज उलटा करून परत अंगात सोडतो आणि दाबतो. शिवाय तीन इलेक्ट्रोड असले की सुटलेला इलेक्ट्रोड ओळखण्याची सोय सरळ वापरता येते. ती जोडाच, आणि सुटलेल्या काळातली नोंद वेगळ्या खुणेने साठवा. सुटलेल्या इलेक्ट्रोडचा कचरा म्हणजे अनियमित ठोके, असं समजून घाबरलेला मी एकटाच नसेन.

ईएसपी ३२ घेतलात तर तीन गोष्टी सांभाळा. त्याचा एडीसी सरळ रेषेत चालत नाही. वायफाय सुरू असताना दुसऱ्या एडीसीच्या पिना वापरता येत नाहीत. आणि वायफायचा प्रत्येक हुंदका शंभर-दोनशे मिलिअँपिअरचा झटका मारतो, तो थेट ईसीजीत दिसतो. अ‍ॅनालॉग भागाला वेगळा रेग्युलेटर द्या.

नमुने सेकंदाला २५० घ्या, लयीसाठी तेवढे पुरतात. दोन बाइटचा एक नमुना धरला तर दिवसाचे साधारण ४३ एमबी होतात. हे सगळं फोनवर पाठवत बसू नका. शेतात जाताना फोन घरी चार्जिंगला लावलेला असतो, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो. नोंद पट्ट्यातच साठवा, संध्याकाळी उतरवून घ्या.

धोका, जपून वाचा. पट्टा अंगावर असताना तो चार्जिंगला किंवा चार्जर लावलेल्या लॅपटॉपला जोडायचा नाही. कधीच नाही, "दोन मिनिटं बघतो" म्हणूनही नाही. स्वस्त चार्जरमधला बिघाड थेट छातीवर येतो. इलेक्ट्रोडच्या वाटेवर बसवलेले १८० किलोओहमचे रेझिस्टर बदलू नका, काढू तर नकाच. ते अंगातून जाणारा प्रवाह रोखायलाच आहेत.

पायरी ६: बॅटरी आणि मे महिना

हिशेब सोपा. सरासरी ५ मिलिअँपिअर खाणारं सर्किट १५० च्या बॅटरीवर ३० तास चालेल. वायफाय सतत चालू ठेवून सरासरी १०० वर नेलंत तर दीड तास.

चार्जिंगसाठी सगळे टीपी ४०५६ चं मॉड्यूल घेतात. त्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो, म्हणजे १ अँपिअरने चार्जिंग. १५० मिलिअँपिअर-अवरच्या इवल्याशा बॅटरीला हा प्रवाह म्हणजे आग लावण्याचं काम आहे. तो रेझिस्टर काढून १० किलोओहमचा लावा, प्रवाह १३० मिलिअँपिअरवर येतो. २० किलोओहमने ७० वर, मी तोच वापरतो.

दुसरं, या बॅटऱ्या साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात. परभणी-नांदेडचा मे, वर पत्र्याचं छप्पर. दुपारी घरातच तेवढं होतं. स्वस्त मॉड्यूलवर तापमान बघणारी पिन बहुधा सर्किटच्या ग्राउंडला जोडून निकामी केलेली असते, त्यामुळे ते आपणहून थांबणार नाही. चार्जिंग रात्री करा, फरशीवर ठेवून. गादीवर, उशीखाली नको.

पायरी ७: ठोके मोजणारं कोड

इथे नवीन काही शोधू नका. पॅन आणि टॉम्पकिन्स यांनी १९८५ साली मांडलेली पद्धत आजही पहिल्या पट्ट्यासाठी पुरेशी आहे. साधारण ५ ते १५ हर्ट्झमधलं ठेवायचं, उतार काढायचा, वर्ग करायचा, १५० मिलिसेकंदांच्या खिडकीत सरासरी घ्यायची आणि परिस्थितीप्रमाणे बदलणारी मर्यादा लावायची. एक ठोका सापडल्यावर २०० मिलिसेकंद दुसरा शोधायचा नाही, कारण हृदय इतक्या लवकर परत उठत नाही.

स्वतःच्या नोंदीवर कोड चालवण्याआधी फिजिओनेट या वेबसाइटवर फुकट मिळणाऱ्या ईसीजी नोंदींच्या एमआयटी-बीआयएच संग्रहावर चालवा. त्यात ४७ जणांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत, सेकंदाला ३६० नमुन्यांच्या, आणि प्रत्येक ठोक्यावर डॉक्टरांची खूण आहे. तुमचे नमुने २५० चे, त्यांचे ३६० चे. खिडकीची लांबी नमुन्यांत न लिहिता मिलिसेकंदांत लिहा.

पायरी ८: आकडा खरा आहे का

पीपीजीचा एक पट्टा मी बनवला होता. नाना बांधावरून चालत होते आणि पट्टा ११२, ११२, ११३ दाखवत होता. किती स्थिर, म्हणून मी खूश. त्याच वेळी छातीवरचा ईसीजी ८८ म्हणत होता. नाना थांबले आणि पीपीजीचा आकडा धपकन खाली आला. पट्टा नानांची पावलं मोजत होता. चालण्याचा ताल आणि नाडीचा ताल साधारण सारख्याच वेगाचे असतात आणि पावलांचा झटका मोठा असतो. अ‍ॅक्सिलरोमीटर यासाठीच हवा. त्याच्यात आणि नाडीत एकच ताल दिसला तर तो आकडा दाखवू नका. चुकीच्या आकड्यापेक्षा "मोजता येत नाही" हे शब्द बरे.

तुलना कशाशी करायची? दुसऱ्या स्वस्त बँडशी नव्हे. दवाखान्यातला होल्टर (अंगावर बांधून दिवसभर ईसीजी नोंदवणारं यंत्र) किंवा मॉनिटर हवा, म्हणजे ओळखीचा डॉक्टर हवा. दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळत नाहीत, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही यंत्रांचे इलेक्ट्रोड जवळजवळ असतील तिथे बोटाने तीनदा टकटक करा. दोन्ही नोंदींत तीन सुळके दिसतात, त्यावर जुळवा.

मग एकेक ठोका ताडून बघा. खऱ्या ठोक्याच्या १५० मिलिसेकंदांच्या आत तुमचा ठोका आला तर बरोबर. किती खरे सुटले आणि किती खोटे सापडले, हे वेगवेगळं लिहा. वेगाच्या आकड्यासाठी नुसता सहसंबंध (कोरिलेशन) काढून "०.९८ आला" म्हणून पोस्टर लावू नका. सहसंबंध उत्तम असूनही यंत्र दर वेळी दहाने जास्त दाखवू शकतं. ब्लँड-ऑल्टमनचा आलेख काढा, त्यात दोन यंत्रांच्या आकड्यांतला फरकच मांडतात, म्हणून हे लपत नाही. वेगासाठी १० टक्के किंवा ५ ठोके, जे जास्त असेल तेवढ्या फरकाची मर्यादा अमेरिकी मानकात चालत आली आहे. पहिलं लक्ष्य तेच ठेवा.

कामंही खरी निवडा. बसणं आणि चालणं सगळेच तपासतात. मी यादीत घातलेली कामं म्हणजे हंडा कमरेवर घेऊन चालणं, विळ्याने वाकून कापणी, खाली बसून खुरपणं, खराब रस्त्यावर मोटारसायकल, चालू ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवर माझा पट्टा आजही आपटी खातो. खुरपताना मात्र अनपेक्षितपणे छान चालतो.

पायरी ९: कागदपत्रं

घरच्यांवर, मित्रांवर गंमत म्हणून लावून बघणं वेगळं. लोकांची नोंद घेऊन प्रबंध किंवा उत्पादन करायचं असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधी लागते, नंतर घेता येत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत अशा कमिट्या असतात. संभाजीनगरला घाटी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय. इंजिनिअरिंगवाल्याने एकट्याने अर्ज करण्यापेक्षा तिथल्या मेडिसिन किंवा फिजिऑलॉजीच्या डॉक्टरांना प्रकल्पात घ्यावं. साधारण हे तयार ठेवा:

- अभ्यासाचा आराखडा: कुणावर, किती जणांवर, किती वेळ, काय मोजणार.
- मराठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र. वाचता न येणाऱ्यांसाठी वाचून दाखवणं, अंगठा आणि त्रयस्थ साक्षीदाराची सही.
- उपकरणाचं वर्णन, सर्किट, बॅटरी आणि विजेच्या सुरक्षेची माहिती.
- कातडीला त्रास झाला तर काय करणार आणि खर्च कोण करणार, ते लेखी.
- नोंदी कुठे साठवणार, नाव वेगळं कसं ठेवणार.
- गाइड, डॉक्टर यांची पत्रं आणि माहिती.

माझा अर्ज पहिल्यांदा परत आला तो संमतीपत्राच्या मराठीमुळे. मी "विद्युतीय हृद्आलेखन" लिहिलं होतं. आशाताईंनी वाचून विचारलं, "दादा, हे कुणाला कळणार?" मग लिहिलं, "छातीला पट्टा बांधून ठोके मोजणार, शॉक लागत नाही, सुई टोचत नाही, नको वाटलं तर कधीही काढा." आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा पूर्ण वाचा, त्यांचाही रोख हाच आहे.

विकायचा विचार असेल तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. सीडीएससीओ, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी केंद्राची संस्था, धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे वर्ग करते. चाचणीपुरतं उपकरण बनवण्याचा परवानाही वेगळा असतो: अर्ज एमडी-१२, परवाना एमडी-१३. सोबत रुग्णाच्या विद्युत सुरक्षेसाठी आयईसी ६०६०१ ही मानकांची मालिका. "हे फक्त वेलनेससाठी" असं डबीवर छापून आत हृदयरोगाचे इशारे देणं, हा पळवाटेचा रस्ता घेऊ नका.

पायरी १०: गावात चाचणीला जाताना

पहाटे जा. सात वाजता पट्टा बांधला की दहाच्या उन्हापर्यंत तीन तास हाती लागतात. प्रत्येक माणसामागे एक जादा पट्टा, इलेक्ट्रोडचं न फोडलेलं पाकीट, भरलेल्या दोन बॅटऱ्या आणि वही ठेवा. वहीत वेळ आणि काम लिहा: "८.१० ला विहिरीवर गेले, ८.२५ ला चहा". संध्याकाळी नोंदीतला विचित्र तुकडा बघताना याच वहीने माझा जीव वाचवला आहे.

फोनवर माणसाला काय दाखवायचं तेही आधी ठरवा. मी लाटा दाखवायच्या बंद केल्या. एका आजींनी स्वतःचा नॉइज बघून "आता माझं काय खरं न्हाई" म्हणत दुपारचं जेवण सोडलं होतं. आता फक्त ठोक्यांचा आकडा, बॅटरी आणि पट्टा नीट बसलाय की नाही एवढंच दिसतं. नोंदीत खरंच काही वेगळं वाटलं तर ते आधी प्रकल्पातल्या डॉक्टरांकडे जातं, आणि माणसाशी तेच बोलतात.

पट्टा काढताना चिकटपट्टी ओढू नका. कडेला खोबरेलाचे दोन थेंब लावा, मिनिटभर थांबा, मग केसांच्या दिशेने हळू सोडवा. नंतर जागा बघा, लाल झाली असेल तर फोटो घेऊन वहीत वेळ टाका आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा. नाना अजूनही दर चाचणीनंतर स्वतःच फोन करतात, "न्हाई खाजवलं रं औंदा" एवढंच सांगायला.